परोपकाराशी स्पर्धा

सरकारी कचेरीत कारकुनी करून सेवानिवृत्त झालेल्या मनुष्याने उर्वरित आयुष्य नामस्मरणात अथवा बांधाच्या वादात व्यतीत करावे, असा बीड जिल्ह्यातील शिष्टसंमत प्रघात असताना, मी भाच्याच्या आग्रहास्तव बंद पडलेली वाहने ओढून नेण्याचा व्यवसाय आरंभिला, याचे आप्तेष्टांना वाटलेले आश्चर्य अद्याप ओसरलेले नाही. वास्तविक भाच्याचा हिशेब बिनतोड होता. बीड शहराला आगगाडीचे दर्शन घडले ते 17 सप्टेंबर 2025 रोजी. तोवर येथील वऱ्हाडे, कापूस, रुग्ण आणि उमेदवार, सर्वांची वाहतूक रस्त्यानेच होत आली. धुळ्याहून सोलापूरकडे जाणारा महामार्ग, ज्याचा क्रमांक पूर्वी 211 होता व आता 52 आहे, गेवराई, बीड, मांजरसुंबा, चौसाळा असा जिल्ह्याला उभा छेदून जातो. मांजरसुंब्याला बालाघाटाची चढण, धारूरच्या घाटात अरुंद वळणे. आणि जेथे चढण तेथे क्लचप्लेट जळणे क्रमप्राप्त, असे भाच्याचे अर्थशास्त्र.

भांडवलासाठी आम्ही एका बँकेत दरखास्त गुदरली. 2015 साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत 50 हजारांपर्यंतच्या कर्जास शिशु, त्यापुढे 5 लाखांपर्यंत किशोर आणि त्याहून पुढे 10 लाखांपर्यंत तरुण अशी नामाभिधाने आहेत. गुडघ्यांना तेल चोळल्यावाचून ज्याला जिना चढवत नाही, तो मी तरुण या सदरात रुजू झालो. प्रकल्प अहवालात मात्र एक रकाना असा होता की त्यापुढे माझी लेखणी प्रथमच अडखळली. अपेक्षित ग्राहकसंख्या किती, आणि तीत दरवर्षी वाढ किती? किराणा दुकानदाराने या रकान्यात काहीही लिहिले तरी ती त्याची महत्त्वाकांक्षा ठरते. आम्ही लिहावयाचे ते मात्र आपल्या जिल्ह्यातील किती बांधवांचे एक्सल तुटावेत याविषयीचे अनुमान. मी दहा टक्के वाढ लिहिली. म्हणजे यंदाहून पुढल्या साली विपत्तीत दशांशाने भर पडावी, असा मजकूर माझ्या स्वाक्षरीनिशी दफ्तरी दाखल झाला, आणि साहेबांनी त्यावर समाधानकारक असा शेरा मारला.

जुन्या चासीवर क्रेन बसवलेली गाडी घरी आली तेव्हा पूजेलाही हीच अडचण उद्भवली. व्यवसायवृद्धीचा संकल्प सोडताना गुरुजी क्षणभर थांबले आणि त्यांनी आपल्या स्वतःच्या स्कूटरकडे पाहिले. शेवटी परळीच्या वैजनाथाला नेऊन गाडी ओवाळली. कारण रोग्यांच्या आधारे उदरनिर्वाह करणाऱ्या वैद्यांना जे दैवत सांभाळून घेते, त्याला आमचा धंदा समजावून सांगावा लागणार नाही, असा माझा युक्तिवाद होता. भाच्याने पुढील बंपरला लिंबू-मिरची बांधली. ज्या लिंबू-मिरचीमुळे गिऱ्हाईक आमच्यापासून दूर राहते, ती आम्हीही बांधावी, हे मला तर्कदुष्ट वाटले, पण भाचा म्हणाला, "मामा, आपली गाडी बंद पडली तर ओढायला कोण येणार?" या प्रश्नाला उत्तर नव्हते.

यथावकाश असे ध्यानात आले की आमचा प्रतिस्पर्धी दुसरी कोणतीही क्रेन नसून या जिल्ह्याचा परोपकार आहे. गाडी ओढण्याच्या यंत्राचा जनक अर्नेस्ट होम्स हा अमेरिकेतील चॅटनूगा गावचा. एका स्नेह्याची मोटार ओढ्यात उलटली. दोर, ठोकळे आणि माणसे लावून ती बाहेर काढण्यात त्याचे इतके तास खर्ची पडले की वैतागून 1916 साली त्याने मोटारीवरच क्रेन बसवली, आणि आज त्या गावी ओढगाड्यांचे संग्रहालय उभे आहे. हाच गृहस्थ जर गेवराईजवळ ओढ्यात अडकला असता, तर पाच मिनिटांत कोणाचा तरी ट्रॅक्टर आला असता, चहाच्या टपरीवरून दहा जण उठून आले असते, गाडी वर निघाली असती, चहाचे पैसेही दुसऱ्याच कोणी दिले असते, आणि जग एका शोधाला मुकले असते.

गिऱ्हाईक मिळवण्यासाठी पंक्चरवाले, ढाबेवाले, पेट्रोलपंप, गॅरेज अशा सर्व ठिकाणी आम्ही कार्डे वाटली. एका पंक्चरवाल्याने कार्ड टायरच्या ढिगात खोचीत मला व्यवहारज्ञान दिले, "काका, ठेवतो, पण गाडी बंद पडली की माणूस आधी पाव्हण्याला फोन लावतोय, मंग पाव्हण्याच्या पाव्हण्याला, अन् कुणीच नाही उचलला तर आपल्याकडं येतोय." हे मात्र त्याने सौम्यच सांगितले, कारण आलेले गिऱ्हाईकही हातात राहत नाही. भाचा हूक अडकवता अडकवता विचारी, "दादा, गाव कोणतं?" गावावरून आडनाव, आडनावावरून सोयरीक, आणि सोयरिकीवरून त्याच्या चुलत्याच्या मेहुणीचे आमच्या वाड्यातील नाते निष्पन्न होई, मग मजुरी मागणे दूरच, जेवूनच जा असा आग्रह आम्हालाच करावा लागे. अखेरीस मी लेखी हुकूम काढला की दर ठरून निम्मी रक्कम हाती पडेपर्यंत गावाची चौकशी करू नये.

तथापि परोपकाराला एक हद्द आहे, आणि ती मालट्रकच्या ब्रेकपाशी येते. हे ब्रेक हवेवर चालतात. इंजिन बंद पडून हवा उतरली की मागील चाके अशी जखडतात की सारे गाव ढकलू लागले तरी ती हलत नाहीत. त्यांना बाहेरून हवा द्यावी लागते, गिअरबॉक्स जळू नये म्हणून खालचा जॉइंट खोलावा लागतो, आणि मग कुठे गाडी ओढता येते. आमची चूल पेटते ती या ज्ञानावर.

दसरा-दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातील ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला येथे कोयता म्हणतात. मुकादम कोयत्याला आगाऊ रक्कम देतो, ती उचल. अशा कामगारांचाच एक ट्रक मांजरसुंब्याच्या चढणीला पाटा तुटून उभा होता. वर धान्याची पोती, चुली, शेळ्या आणि पोत्यांवर निजलेली पोरे. मुकादमाने घासाघीस न करता पैसे दिले, आणि विजेरीच्या उजेडात वही काढून नोंद केली. कारकुनाच्या अंगवळणी पडलेल्या जिज्ञासेने मी डोकावलो, तो ती रक्कम कोयत्यांच्या उचलीत मिळवलेली. ट्रक मालकाचा, करार मुकादमाचा, पाटा लोखंडाचा, आणि खर्च मात्र पोत्यांवर निजलेल्या पोरांच्या आईबापांच्या नावे. माझ्या सबंध नोकरीत इतका निर्दोष जमाखर्च मी पाहिला नव्हता. आमच्या कर्जाचा त्या महिन्याचा हप्ता त्याच रकमेतून वेळेवर भरला गेला, हेही नमूद केले पाहिजे.

तेव्हा या बाजूने प्रवास करणाऱ्या वाचकांना एवढीच विनंती, की राष्ट्रीय महामार्गावर गाडी अडल्यास प्रथम 1033 हा क्रमांक लावावा. कोणी सज्जन दोर घेऊन आलाच, तर किल्ली फिरवून सुकाणू मोकळे ठेवावे, आणि इंजिन बंद असता मोटारीचा ब्रेक जड लागतो हे विसरून उतारावर दोर बांधू देऊ नये. दोन्हींपैकी काहीच साधले नाही तर आम्ही आहोत. मात्र आपले गाव दर ठरल्यानंतरच सांगावे.