कागदावरचा धुरा

पुण्याकडची मंडळी ज्याला बांध म्हणतात त्याला आम्ही वऱ्हाडी लोक धुरा म्हणतो. आणि या हातभर मातीच्या पट्ट्यापायी सख्ख्या भावांनी एकमेकांच्या घरचे पाणी वर्ज्य केल्याची, दर पेरणीला शेजारी एक तास, म्हणजे पेरणीची एक ओळ, आत सरकल्याची आणि त्या एका तासाच्या भरपाईसाठी वकिलांच्या पायी एकरभर वावर गमावल्याची उदाहरणे ज्या मुलखात ढिगाने सापडावीत, त्या मुलखातील बार्शीटाकळी या तालुक्याच्या ठिकाणी आम्ही चार साक्षर इसम एका काळ्या रेघेपुढे सव्वा तास हतबल होऊन बसलो होतो, ही गोष्ट लाजिरवाणी खरी. परंतु सदर चालवायचे म्हणजे असली लाज गुंडाळून ठेवणे प्राप्तच असते.

प्रसंग असा घडला. आमच्या शेजारच्या एका वृद्ध शेतकऱ्यास आपल्या वावरात जाण्यास वाट हवी होती. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम १४३ अन्वये दुसऱ्याच्या धुऱ्यावरून वाट देण्याचा अधिकार तहसीलदारांस आहे. तेव्हा तशा मजकुराचा अर्ज संगणकावर टंकित करून घ्यावा म्हणून आम्ही एका दुकानात गेलो. (दुकानाचे नाव सांगत नाही, कारण पुन्हा तेथेच जावयाचे आहे.) तेथील मुलाने गट नंबर, आकारणी, चतुःसीमा, पूर्वेस अमुक आणि पश्चिमेस तमुक, असा सर्व तपशील बिनचूक उतरवला. शेवटी अर्जदाराच्या सहीसाठी जागा राखावी म्हणून त्याने नव्या ओळीवर ठिपके टाकले, एंटरची कळ दाबली, आणि पाहता पाहता ठिपके अंतर्धान पावून त्यांच्या जागी या समासापासून त्या समासापर्यंत एक अखंड रेघ प्रकट झाली. वाट मागणाऱ्या अर्जातच धुरा पडला.

मुलाने डिलीटची कळ दाबली, रेघ ढिम्म. त्याने वरच्या ओळीच्या शेवटी एंटर मारला, तर रेघ एक ओळ खाली सरकली. "काका, मी नाही काढली, थे आपोआपच येते," असे त्याने शपथेवर सांगितले. त्यावर आमचे अर्जदार, ज्यांनी उभ्या हयातीत संगणकास हात लावला नव्हता, शांतपणे म्हणाले, "आमच्या वावराचा धुरा बी असाच आपोआप सरकते."

मग उपायांची खैरात सुरू झाली. रेघेवर पांढरी चौकट ठेवून ती झाकावी, असे एकाने सुचवले. छापून झाल्यावर व्हाइटनर फिरवावे, असे दुसऱ्याने. आणि दुकानात निव्वळ झेरॉक्ससाठी आलेल्या एका निवृत्त गुरुजींनी सर्व अर्ज प्रथमपासून पुन्हा टंकित करण्याची सूचना इतक्या उत्साहाने केली की वेळेचे मोल निवृत्तीनंतर कसे बदलते याचा आम्हांस साक्षात्कार झाला. ही रेघ मुळात आली कोठून, हे मात्र कोणीही विचारले नाही.

वस्तुतः ही रेघ अक्षर नव्हेच, म्हणून ती अक्षरासारखी खोडता येत नाही. ओळीच्या आरंभी तीन संयोगचिन्हे टाकून एंटर मारला की वर्ड त्यास रेघेची फर्माईश समजतो आणि वरच्या परिच्छेदास खालून किनार लावतो. तीन बरोबरचिन्हांना दुहेरी रेघ, तीन अधोरेषांना जाड, तीन तारकांना ठिपक्यांची आणि तीन लाटांच्या चिन्हांना नागमोडी, असा त्याचा दरबारी शिरस्ता आहे. आमच्या मुलाने तर संयोगचिन्हे टाकली नव्हती, ठिपके टाकले होते, अशी शंका चाणाक्ष वाचक घेईल. तिचे उत्तर कृतिदेव या टंकात दडलेले असावे, असा आमचा तर्क आहे. या टंकात पूर्णविरामाचा ठिपका ज्या कळीवर बसवला आहे ती इंग्रजीत संयोगचिन्हाची कळ. मुलाच्या डोळ्यांना ठिपके दिसत होते आणि यंत्राला संयोगचिन्हे. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक होते. वऱ्हाडातील बहुतेक दिवाणी दावे याच पायावर उभे असतात.

रेघा पुसण्याच्या कामी वास्तविक आमच्या प्रांताइतका अनुभवी प्रांत विरळा. १८५३ साली निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केले. १९०३ साली ते मध्य प्रांतास जोडले गेले. १९५० साली त्या प्रांताचे मध्यप्रदेश झाले, १९५६ साली वऱ्हाड द्विभाषिक मुंबई राज्यात गेले, १९६० साली महाराष्ट्रात. आणि १९९८ साली खुद्द अकोला जिल्ह्यातून वाशीम वेगळा निघाला. इतक्या सीमा अंगावरून गेल्या, पण गाव तसूभर हलले नाही. गावातील कालंका देवीच्या हेमाडपंती देवालयात शके १०९८ चा शिलालेख आहे. ज्या पाथरवटाने तो कोरला त्याच्या टाकीखालून एकही रेघ आपोआप उमटली नसेल, आणि उमटली असती तर ती कोणाची, हे यजमानाने त्याच दिवशी विचारले असते.

एका रेघेची ही कथा. पानाभोवतीच्या चौकटीची तर निराळी कैफियत लिहावी लागेल. आमच्याकडे काळी चौकट म्हणजे निधनवार्ता, हे ठाऊक असूनही मेळाव्याची निमंत्रणे ठसठशीत काळ्या चौकटीत निघतात, आणि पत्र हाती पडताच म्हातारी माणसे आधी कोण गेले ते विचारतात. ज्यांना काळा रंग अशुभ वाटतो ते यंत्रातील चित्रमय किनारी निवडतात. परिणामी ग्रामसभेच्या ठरावाभोवती सफरचंदे किंवा नाताळची झाडे डवरतात. त्यातून ही चौकट कागदाच्या कडेपासून अवघ्या २४ पॉइंटांवर, म्हणजे इंचाच्या तिसऱ्या हिश्शावर बसत असल्याने पुष्कळ छपाईयंत्रे खालची बाजू गिळून टाकतात आणि ठराव तीन भिंतींच्या घरासारखा बाहेर पडतो. डिझाइनमधील पेज बॉर्डर्समध्ये जाऊन 'नन' निवडले की हे सर्व अरिष्ट टळते. पण निवडतो कोण!

असो. रेघेचा इलाज अखेर दुकानमालकाच्या शाळकरी पुतणीने केला. तिने कर्सर रेघेच्या लगत वरच्या ओळीत नेला, होममधील बॉर्डर्सची खिडकी उघडून 'नो बॉर्डर' निवडले आणि रेघ गेली. मग फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स अशा चार देवड्या ओलांडून 'ऑटोफॉरमॅट ॲज यू टाइप' या दालनातील 'बॉर्डर लाइन्स' पुढची खूणही तिने काढून टाकली. रेघ उमटताच कंट्रोल आणि झेड दाबले असते तरी भागले असते, हे तिने जाता जाता सांगितले, ते आमच्या सव्वा तासाच्या जखमेवर मीठच होते.

अर्ज छापून आला. निष्कलंक, पांढराशुभ्र, सीमारहित. आमच्या अर्जदारांनी तो चष्म्यातून खालवर न्याहाळला, हातातले पेन थांबवले आणि विचारले, "आता सही कुठी करू? अठी एक रेघ पायजे होती ना."

मुलाने फूटपट्टी काढून पेनाने रेघ ओढली. तिचे दोन रुपये वेगळे पडले.