घडी मोडायची नाही

आमचं कपाट उघडायच्या आधी घरात आवाज द्यावा लागतो. "सरका हो," म्हणत बायको एका हातानं मूठ ओढते आणि दुसरा हात डोक्यावर धरते. वरच्या खणातून काहीतरी खाली येणार हे ठरलेलं असतं, काय येणार ते कपाटाच्या मर्जीवर. कधी टोप्यांची चळत येते, कधी साडी. एकदा माझ्या लग्नातला सफारी हँगरसकट अंगावर आला आणि मला क्षणभर वाटलं, तीस वर्षांपूर्वीचा मीच जाब विचारायला बाहेर पडलोय.

आमचं वळसंग म्हणजे सोलापूरहून अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला जाताना वाटेत लागतं ते. 1937 साली बाबासाहेब आंबेडकर इथल्या विहिरीसाठी आले होते, म्हणून गावाचं नाव मोठं. गावाला सूतगिरणी आहे, म्हणून कापसाशी नातं. बाकी कारभार सगळा उन्हाचा. इथं वर्षातले नऊ महिने माणसाला बनियन आणि लुंगी पुरते. थंडी येते ती सोलापुरात सिद्धेश्वराचा गड्डा भरतो तेवढ्यापुरती, संक्रांतीच्या आगेमागे, आणि तीही पहाटेच. कपड्यांची इतकी कमी गरज असलेल्या गावात कपाटं इतकी गच्च का, हा प्रश्न मला नोकरीभर कधी पडला नाही. मी शाळेत विज्ञान शिकवत होतो, आणि शिक्षकाला स्वतःच्या घरातले प्रश्न सहसा पडत नाहीत.

हे कपाट बायकोच्या माहेरून लग्नात आलं. लोखंडी, राखाडी, दाराला आरसा. आमचं घर माळवदाचं, दरवाजे बुटके. कपाट आत घ्यायला चौकट काढावी लागली होती, आणि आत गेल्यावर चौकट परत बसवली. त्यामुळे कपाट आता या घरातून बाहेर पडू शकत नाही. त्याला लॉकर आहे, लॉकरची किल्ली लॉकरमध्ये आहे, आणि ती आत कशी गेली यावर घरात दोन पक्ष आहेत.

गेल्या मे महिन्यात लेक पुण्याहून आली. ती तिकडे कॉम्प्युटरवर काम करते. दुसऱ्याच दिवशी सकाळी तिनं कपाट उघडलं, आवाज न देता, आणि कपाळावर वळ घेऊन माझ्याकडे आली. आरशाचा नव्हे, माझ्या अभिनंदनाच्या एका स्मृतिचिन्हाचा.

"पप्पा, हे आवरायचं. आजच."

तिनं मोबाइलवर मला एक जपानी बाई दाखवली. मारी कोंडो. बाईंचं आवराआवरीवरचं पुस्तक 2011 साली आलं आणि जगभर खपलं, 2019 मध्ये त्यांचा टीव्हीवरचा कार्यक्रमही आला. पद्धत अशी की, घरातले सगळे कपडे बाहेर काढून एका जागी ढीग करायचा. मग एकेक कपडा हातात घेऊन स्वतःला विचारायचं, यानं मला आनंद होतो का? होत असेल तर ठेवायचा. नसेल तर त्याचे आभार मानून निरोप द्यायचा. ठेवलेल्याची लहान चौकोनी घडी घालून ती आडवी न रचता पुस्तकासारखी उभी लावायची. म्हणजे सगळं एका नजरेत दिसतं, एक ओढलं तर चार ढासळत नाहीत, आणि जागाही वाचते. शास्त्र म्हणून मला पटलं. कपाटात हवा भरपूर वाया जात असते हे खरंच आहे.

ढीग पलंगावर केला. तो पलंगाच्या बाहेर गेला. मग पलंग आपोआप ढिगात गेला. बाहेर चव्वेचाळीस डिग्री, वर पंखा गरम हवा ढवळतोय, आणि मी एक टावेल हातात धरून आनंद शोधतोय. टावेल धरून माणसाला आनंद होतो तो फक्त आंघोळीला निघताना.

आधी माझ्या शाली. निवृत्तीनंतर दोन वर्षं सत्काराची लाट असते. चौदा शाली निघाल्या. प्रत्येक सत्काराला शाल आणि श्रीफळ. नारळ खाल्ले, शाली उरल्या. वळसंगात चौदा शाली वापरायच्या तर एका पहाटे सगळ्या एकावर एक पांघरून बसावं लागेल. मग निघाली माझी बाराबंदी. पांढरी, बारा बंदांची, गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजामागं चालताना घालायची. "वर्षातनं एकदाच घालता," लेक म्हणाली. मी म्हटलं, "सिद्धेश्वरपण वर्षातनं एकदाच बोलावतो." बाराबंदी वाचली. मग निघाल्या डांबरगोळ्यांच्या रिकाम्या पुड्या. घन पदार्थाचा द्रव न होता थेट वायू होतो, याला संप्लवन म्हणतात. मी ते तीस वर्षं फळ्यावर शिकवलं. आमच्या कपाटात ते सिद्धही झालं होतं. गोळ्या गेल्या, वास राहिला, कसर जिवंत.

आणि मग निघाले टावेल. एक, पाच, बारा. सत्तेचाळीस. प्रत्येकावर कंपनीचं लेबल, प्रत्येकाच्या पोटात एक पांढरी टोपी. शिवाय चोळीचे खण, कपाटाच्या दोन खणांत मावणार नाहीत एवढे. ज्यानं मराठीत या दोन्ही वस्तूंना एकच शब्द ठेवला, त्यानं आमच्या घरी येऊन पाहिलं असणार.

"पप्पा, या टोप्या तुम्ही घालता?"

"नाही."

"आजोबा घालायचे?"

"त्यांची वेगळी होती. एकच."

"मग हे कुणाचं आहे?"

हा प्रश्न फार खोल आहे. आमच्याकडे लग्न म्हटलं की मानपान आला, आणि मानपान म्हणजे टावेल-टोपी. व्याह्याला, मामाला, चुलत्याला, जावयाच्या चुलत्याला. सत्कार राजकीय असो वा सोसायटीचा, टावेल-टोपी. जवळच्याला पूर्ण पोशाख, दूरच्याला टावेल-टोपी, बाईमाणसाला साडी नाहीतर खण. टावेल येतो, खणात बसतो, पुढच्या लग्नात जातो. अंग पुसायला आम्ही जुना पंचा वापरतो.

आई जेवून जरा आडवी झाली होती. वय ब्याऐंशी, कान तिला हवे तेव्हा उत्तम. ती उठून दारात आली तोवर लेकीनं सत्तेचाळीस टावेल उलगडले होते, लेबलं काढली होती, टोप्या एका पिशवीत कोंबल्या होत्या आणि टावेलांच्या छोट्या छोट्या सुरेख घड्या खणात उभ्या केल्या होत्या. फिकट गुलाबीपासून गडद निळ्यापर्यंत, रंगाच्या क्रमानं. खरं सांगतो, सुंदर दिसत होतं. ग्रंथालय जणू.

"काय करूलालीस गं?"

"आवरतीये, आजी. बघ, ज्यानं आनंद होतो तेच ठेवायचं."

आईनं खणाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, कारण दोष शेवटी कुणाचा हे तिला लग्नाआधीपासून ठाऊक असल्यासारखं ती वागते. "त्येनं तुला कशाला आनंद द्यायला पायजे? ते दुसऱ्याला द्यायचंय की." आणि मग, खाटेवर बसत, अगदी हळू, "सगळ्याच्या घड्या मोडलीस व्हय."

पुण्यात राहणाऱ्या मुलीला यातलं दुःख कळणं अवघड आहे. आमच्याकडे नव्या कपड्याची घडी मोडणं हा सोहळा असतो. नवी साडी आधी भाचीला, जावेला नेसायला देतात, तिच्या हातून घडी मोडून घेतात. आणि घडी मोडलेला कपडा आहेरात देणं म्हणजे उष्टं वाढणं. सत्तेचाळीस टावेल एका दुपारीत सोयऱ्यांच्या जगातून उठले आणि आंघोळीच्या जगात आले. आमचं घर दोन तासांत आहेराच्या बाबतीत दिवाळखोर झालं.

एवढंच असतं तर बरं. आईनं विचारलं, "डावीकडचे कुठं हायत?" तेव्हा उलगडलं की कपाट मुळात आवरलेलंच होतं. डावीकडची चळत अक्कलकोटकडच्या पाहुण्यांची, उजवीकडची मंगळवेढ्याची, मागची माझ्या शाळेतली. खाली जे, ते यंदा द्यायचे. वर जे, ते आत्ताच आले, थोडे थांबायचे. ज्याच्याकडून जो आला तो त्याच घरी परत जाता कामा नये, यासाठी ही सगळी व्यवस्था. कागदावर एक अक्षर नाही, सगळं आईच्या डोक्यात आणि चळतीच्या क्रमात. लेकीनं ते रंगाप्रमाणे लावलं. ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हणजे आख्खा डेटाबेस उडवला मी." आईला शब्द कळला नाही, सूर कळला.

एक मात्र मला तेव्हा नव्यानं कळलं. नेसायच्या रेशमी साडीची घडी आई उलट मुद्दाम मोडते. वर्षातून दोनदा काढून वारा देते, घडीची जागा बदलते, नाहीतर रेशीम घडीवरच चिरतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू देत नाही, जर काळी पडते म्हणून, जुन्या धोतरात गुंडाळते. बायकोचं लग्नातलं इरकल त्यामुळं अजून जसंच्या तसं आहे. म्हणजे स्वतःसाठीच्या कपड्याची घडी बदलत राहायची आणि दुसऱ्यासाठीच्या कपड्याची कधीच नाही. हे कोंडोबाईंच्या पुस्तकात असेल असं वाटत नाही.

संध्याकाळी सातला फोन आला. "उद्या मुस्तीचं लग्न, साडेबाराचा मुहूर्त. लक्षात हाय न्हवं?" लक्षात नव्हतं. तीन टावेल-टोप्या तरी लागणार होत्या. दुकानं सोलापुरात, आणि लग्नसराईत रात्री धावायचं ही एक गोष्ट. दुसरी गोष्ट अशी की ज्या घरात सत्तेचाळीस टावेल उभे आहेत त्या घरातून टावेल विकत आणायला जाणं आईला मान्य होईना.

मग आईनं पदर खोचला. तिचं माहेर सोलापुरातलं, पूर्व भागातलं. तिथं पद्मशाली शेजार, घरोघरी माग, रात्री झोप लागायची तीच खटखटीच्या ठेक्यात. 1877 ला निघालेल्या जुन्या मिलपासून सोलापूर सुतावरच वाढलं. चादर आणि टावेल या दोघांनाही आता भौगोलिक मानांकन आहे. लग्नाआधी आई एका टावेलच्या कारखान्यात घडीला बसायची, हे मी ऐकून होतो. पाहिलं त्या रात्री. टावेल पाटावर अंथरला, तळहात एकदाच फिरवला, लांबीत दुमडला, मग तिघडी, काठ बाहेर, कोपऱ्यावर कोपरा. सहा सेकंद. बायकोनं इस्त्री फिरवली, लेकीनं कचऱ्यातून लेबलं गोळा केली, मी भाताची खळ केली. विज्ञानाचा शिक्षक शेवटी डिंकाच्या कामी आला. टोप्यांना पाण्याचा हबका मारून कडा बसवल्या. तयार माल पाट्याखाली दाबला.

घड्या घालता घालता लेकीनं कबुली दिली की 2023 मध्ये कोंडोबाईंनीच सांगितलं होतं, तिसरं मूल झाल्यावर आवरणं आपण बऱ्यापैकी सोडून दिलंय. आई म्हणाली, "तिसऱ्यापतोर कसं काय जमलं म्हणायचं तिला."

झोपलो तर रात्री दोनला खोलीत कुणीतरी मोठा सुस्कारा टाकला. मग कपाटाचं दार हळूहळू आपोआप उघडलं. "कोण हाय बे तिकडं?" आई ओरडली. मी बॅटरी घेऊन गेलो. चोर नव्हता, चादरी होत्या. लेकीनं दुपारी आमच्या अकरा सोलापुरी चादरी हवा काढून टाकायच्या पिशवीत कोंबून पंपानं चपट्या केल्या होत्या. अगदी पाटीसारख्या झाल्या होत्या, कौतुकानं फोटोही काढला होता. पिशवीला कुठंतरी भोक पडलं आणि चादरींनी श्वास घेतला. जाड सुताची सोलापुरी चादर ती, तिला कोण किती वेळ दाबून ठेवणार. पानिपतच्या यंत्रमागावरच्या स्वस्त नकलेनं तिला बाजारात मागं टाकलं, ही पानिपतावरची आमची दुसरी हार. पण त्या रात्री माझ्या कपाटाशी झालेल्या लढाईत ती जिंकली. दार तिनं उघडलं ते सकाळपर्यंत लागलं नाही.

मुस्तीत सगळं रीतसर झालं. आम्ही तीन टावेल-टोप्या दिल्या. देताना लेक माझ्या मागं श्वास रोखून उभी होती. कुणाला काही कळलं नाही. दुपारी उलट मानपान झाला, मला एक टावेल-टोपी मिळाली, डोक्यावर टोपी ठेवून फोटो झाला.

घरी आल्यावर आईनं तो टावेल मागून घेतला. कोपऱ्यावर कोपरा पाहिला. काठावरनं बोट फिरवलं. लेबल नखानं हलकेच उचकटलं आणि नाकाशी धरलं.

"भाताची खळ हाय," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा घातलीय घडी." मग माझ्या लेकीकडे बघून, प्रथमच जरा हसून, "त्यांचीबी पोरगी पुण्यालाच असती म्हणं."