पामेरियनचं प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स

भोसरीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात मशीन बंद पडायची वाट बघत बसणाऱ्याला कुणी शहाणा म्हणत नाही. तेल, ग्रीस, कूलंट, सगळ्याची चेकलिस्ट मशीनला लटकलेली असते आणि तिच्यावर रोज सही लागते. तोच सही करणारा गृहस्थ संध्याकाळी मोशीच्या फ्लॅटवर पोचतो, चार किलोचा पामेरियन प्रेमाने तोंडाजवळ येतो आणि हे मान फिरवून म्हणतात, ‘कुत्र्याच्या तोंडाला वास यायचाच!’ प्रेसमधून असा वास आला असता तर यांनी लाईन थांबवली असती. माझं म्हणणं इतकंच, की प्रेसला जो न्याय तोच पामेरियनलाही लावावा.

छोट्या कुत्र्याची अडचण मुळात डिझाइनमध्येच आहे. जर्मन शेफर्डला 42 दात आणि मांडीवर मावणाऱ्या शिहत्झूलाही 42च. शिफ्ट सुटल्यावर चाकणच्या तळेगाव चौकात कंटेनर, कंपनीच्या बस आणि दुचाक्या जशा तिरक्या घुसतात, तसे ते इवल्याशा जबड्यात उभे असतात. त्यात एखादा दुधाचा दातही जागा सोडत नाही. फटींमध्ये जंतूंचा चिकट थर साचतो आणि लाळेतल्या क्षारांमुळे दोन-तीन दिवसांत कडक होऊ लागतो. म्हणून ‘गुरुवारी सुट्टी असते, तेव्हा घासू’ हा एमआयडीसीचा हिशोब इथे चालत नाही. पुढे हिरडी सुटते, खालचं हाड झिजतं, आणि छोट्या जातीत तर नाजूक जबडा साध्या धक्क्यानेही मोडू शकतो.

यावर हमखास येणारा सवाल म्हणजे, गावाकडच्या मोत्याने कधी ब्रश केला होता? नव्हता केला; पण त्याचा जबडा ऐसपैस होता, आयुष्य बहुधा तोकडं होतं आणि त्याच्या तोंडात कुणी डोकावलंही नव्हतं. तपासणीच झाली नाही म्हणून रिजेक्शन शून्य, असला रिपोर्ट कुठला क्वालिटीवाला मान्य करील? दुसरा पक्ष हाडवाल्यांचा. हाड दातापेक्षा टणक निघालं तर वरची मोठी दाढच चिरते, मुळाशी पू होतो आणि सूज येते डोळ्याखाली. मालक मात्र डोळ्याचे थेंब शोधत फिरतो. तिसरे म्हणतात, वर्षातून एकदा खरवडून घेऊ. भूल न देता खरवडलं तर दिसणारा भाग तेवढा चकाचक होतो, हिरडीखालची घाण जागच्या जागी. नीट सफाईला भूल लागते, त्याआधी रक्ततपासणी लागते, आणि भुलीची ज्यांना धास्ती वाटते त्यांनी तर आजच ब्रश आणावा.

काम फार नाही. ओठ जरा वर करून दातांची गालाकडची बाजू घासली की बरंच साधतं. आतली बाजू जीभ थोडीफार सांभाळते. घरची पेस्ट तेवढी नको: कुत्रा चूळ भरत नाही, सगळं गिळतो, आणि काही पेस्टमधलं झायलिटॉल त्याला थेट विष आहे. कुत्र्यांची वेगळी पेस्ट मिळते, तीही चिकनच्या चवीची. इथे शाकाहारी घरातल्या आजींचा आक्षेप येतो आणि तो मला रास्त वाटतो. पुदिन्याचीही पेस्ट असते म्हणा, पण वापरणाऱ्याचं मत घेतलं तर कौल चिकनलाच जाणार. तेव्हा ट्यूब बाल्कनीतल्या चपलांच्या रॅकवर ठेवावी आणि श्रावणात तिच्यावर फक्त ‘डॉगी’ एवढंच लिहावं.