आनंददायी शनिवार पार कसा पाडावा : नव्या शिक्षणसेवकांसाठी

अभिनंदन. १६,००० रुपये मानधनावर तुम्ही रुजू झालात आणि आठवडा व्हायच्या आत मुख्याध्यापकांनी ‘तुम्ही तरुण आहात, तुमच्यात उत्साह आहे’ असं म्हणत उपक्रमांची फाईल तुमच्यापुढे सरकवली. आता शाळेतल्या सगळ्या मुलांचं मानसिक स्वास्थ्य आणि सांस्कृतिक जाणीव तुमच्या गळ्यात. घाबरू नका. या कामात मुलांशी फारसा संबंध येत नाही.

आधी बॅनर. त्यावर तारीख टाकू नका, नुसतं ‘शनिवार’ लिहा, वर्षभर पुरतो. पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी शनिवार आनंददायी करायचा, हे शासनाने २०२४ मध्ये ठरवलं. प्राणायाम, ध्यान, रस्ता सुरक्षा, पैशांचे साधे व्यवहार, भावना कशा सांभाळाव्यात, असं बरंच काही त्यात आहे. शासन निर्णय नीट वाचला तर त्यात वावगं काही नाही, उलट शहाणपणच आहे. म्हणून तो वाचू नये. केंद्रप्रमुखांचा ग्रुपवर मेसेज येतो, ‘आजच्या उपक्रमाचे फोटो दोन वाजेपर्यंत लिंकवर भरावेत’, तेवढा वाचावा.

शनिवारी मुलं दप्तराविना येतात, म्हणजे फाटकातून आत शिरतानाच आनंदात असतात. हा आनंद अनियोजित असतो. त्यांना आधी उंचीप्रमाणे रांगेत उभं करा, मग मैदानात मांडी घालून बसवा आणि ध्यान सुरू करा. ध्यानात एक अडचण येते. तुम्ही ‘डोळे मिटा’ म्हणता आणि मोबाइल धरलेले सर ‘इकडे बघा’ म्हणतात. हुशार मुलं एक डोळा मिटतात. फोटोत बॅनर पूर्ण आला पाहिजे, मागच्या दोन रांगा कापल्या गेल्या तरी चालतील.

जयंत्या-पुण्यतिथ्या हा या खात्याचा कणा. सर्वांत अवघड दिवस १ ऑगस्ट. १९२० साली याच तारखेला लोकमान्य टिळक गेले आणि याच तारखेला वाटेगावात अण्णाभाऊ साठे जन्मले. एका टेबलावर दोन तसबिरी, दोन हार, एक नारळ. पाचवीतला वक्ता ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो’ इथपर्यंत सुसाट येतो आणि मग टिळकांची जयंती साजरी करून मोकळा होतो. टाळ्या वाजवा. टिळकांच्या भाषणात शेंगांची टरफलं येणारच, ती येऊ द्या. पण अण्णाभाऊ दीडच दिवस शाळेत गेले, हे वाक्य आलं की सावध व्हा. एखादं पोर हमखास विचारतं, ‘बाई, का सोडली त्यांनी शाळा?’ अशा वेळी ‘पुढचा वक्ता’ असं पुकारावं.

आषाढीची दिंडी त्या मानाने सोपी. विठोबा म्हणून वर्गातला सावळा मुलगा निवडायचा, हे कुणाला शिकवावं लागत नाही. रखुमाई मात्र गोरीच लागते, आणि शक्यतो शाळा व्यवस्थापन समितीतल्या कुणाची तरी. सांस्कृतिक जाणीव म्हणतात ती हीच. विठोबाला आठ वाजता उभा करतात, पाहुणे दहाला येतात. नऊच्या सुमारास त्याला एकीला जायचं असतं. कमरेवरचे हात सोडले तर पुठ्ठ्याची प्रभावळ पडते, म्हणून तो नुसता पाय बदलत राहतो. कुणी विचारत नाही. भक्त मागायला येतात, विचारायला नाही.

आता परप्रांताची ओळख. ‘एक भारत श्रेष्ठ भारत’मध्ये महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी आहे. तेव्हा जगन्नाथ, कोणार्क आणि ओडिसी नृत्य यांचा तक्ता करा, भाड्याचा पोशाख आणा आणि यूट्यूबवरून ओडियाची चार वाक्यं सर्वांकडून घोकून घ्या. घोकताना तिसऱ्या बाकावरची एक मुलगी तोंडावर हात धरून हसेल. तिचे वडील पलीकडच्या इमारतीवर गवंडीकाम करतात आणि ती घरी ओडियाच बोलते. तिला उठवून पोशाखातल्या मुलीसाठी पडदा धरायला सांगा. काहीही झालं तरी तिला ‘तुझ्या घरी काय खातात गं?’ असं विचारू नका. ती सांगेल, रात्रीच्या भातात पाणी घालून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी कांदा-मिरचीबरोबर खायचं, त्याला पखाळ म्हणतात. लगेच कुणीतरी ओरडेल, ‘माझी आजी पण शिळ्या भातात ताक घालते!’ दुसरा पेजेचं सांगेल, तिसऱ्याला भूक लागेल. अख्खा वर्ग तिच्या बाकाभोवती गोळा होईल, रांग मोडेल, बॅनरला सगळ्यांची पाठ होईल आणि दोनची लिंक बंद होईल. एक फोटो मिळणार नाही.

राहिलं मानसिक स्वास्थ्य. त्यासाठी तक्रारपेटी असते. ती मुख्याध्यापकांच्या दालनासमोर, सीसीटीव्हीच्या बरोबर खाली लावा, किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात. पेटी रिकामी निघाली की अहवालात लिहा, ‘विद्यार्थी समाधानी’. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मारण्याबरोबर मानसिक छळालाही बंदी घातली आहे, म्हणून ‘गाढवा’ हा शब्द फक्त कॅमेरा बंद असताना वापरा.

एखादा मुलगा मधल्या सुट्टीत डबा न उघडता भिंतीशी बसलेला दिसेल. त्याच्या शेजारी जाऊन बसायचा मोह आवरा. तिथे गेलेल्या पंधरा मिनिटांना अहवालात रकाना नाही, आणि तो बहुधा लगेच बोलतही नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावं लागतं. तरीही बसायचंच असेल तर खुशाल बसा, मात्र त्या दिवशीची लिंक दुसऱ्या कुणाला भरायला सांगा.

आणि बॅनरचं कापड उरलं तर त्यावर दोन आकडे ठळक रंगवून मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा. मुलांच्या मदतीसाठी १०९८, आणि मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६. दोन्ही क्रमांक फुकट आहेत, चोवीस तास चालतात, टेली-मानसवर मराठीतही बोलता येतं आणि फोन लागण्यासाठी फोटो जोडावा लागत नाही.