ओला, सुका आणि तात्पुरता

आमच्या गल्लीत घंटागाडी गाणं वाजवत येते. ओला वेगळा, सुका वेगळा, हे आता शाळेत न जाणाऱ्या पोरांनाही पाठ झालंय. मागच्या आठवड्यात मी दोन डब्यांसोबत एक बरणीही खाली नेली. आत रिमोटचे, भिंतीवरच्या घड्याळाचे, नातवाच्या मोटारीचे संपलेले सेल. चार वर्षांची पुंजी. काहींच्या टोकाला पांढरं फूल फुललेलं. गाडीवरच्या पोराने बरणी कानाशी नेऊन खुळखुळवली.

"नाना, हाऊ ओला शे का सुका?"

"तूच सांग बाबा."

"हाई आम्ही लेत नही." बरणी परत माझ्या हातात.

सेल ज्या दुकानातून आणले तिथे गेलो. दुकानदार म्हणाला, "दिले तेव्हा चालत होते ना? मग तक्रार कसली?" बरणी घरी आली आणि खिडकीत बसली. बायकोला म्हटलं, तात्पुरती ठेवतो.

त्या दिवसापासून मला अणुशक्तीवाल्यांबद्दल भलताच जिव्हाळा वाटू लागला आहे. कारण त्यांच्याकडेही कचरा ओला आणि सुका असाच असतो. चेष्टा नाही. अणुभट्टीतून काढलेल्या, वापरून झालेल्या इंधनाच्या कांड्या आधी काही वर्षं खोल हौदातल्या पाण्यात बुडवून ठेवतात, ही ओली साठवण. पुरेशा निवल्या की जाड पोलाद-काँक्रीटच्या पिंपात, ही सुकी. 'वापरून झालेल्या' या शब्दावर मात्र जाऊ नका. चुलीतली गोवरी विझली म्हणून राखेत हात घालून बघा, म्हणजे कळेल. कांडी भट्टीबाहेर आली तरी आतून तापतच राहते. पाणी तिला थंड ठेवतं आणि तिचे किरणही अडवतं. २०११ मध्ये फुकुशिमात सगळ्या जगाचा जीव चार नंबरच्या भट्टीवरच्या हौदात अडकला होता, तो याच कारणाने: पाणी आहे की आटलं?

आपल्याकडच्या वीज बनवणाऱ्या भट्ट्यांतला पहिला हौद तारापूरचा. १९६९ साली अमेरिकन बनावटीच्या दोन भट्ट्या तिथे सुरू झाल्या. त्याआधी १९६३ मध्ये करार झाला होता, तीस वर्षांचा. इंधन अमेरिका देणार. जळलेल्या कांड्यांवर पुनर्प्रक्रिया करायची तर आधी दोघांनी मिळून ठरवायचं. १९७४ ला पोखरणला आपण दणका दिला आणि अमेरिकेचा चेहरा उतरला. १९७८ मध्ये तिथल्या संसदेने कायदाच बदलला. इंधन आटलं. १९८२ मध्ये फ्रान्स पुढे आला, मग चीन, मग रशिया. म्हणजे नव्या इंधनाची सोय लागली. जुन्या कांड्यांचं काय?

इथे खरी गंमत आहे. आपण म्हटलं, आम्ही यातलं प्लुटोनियम काढून घेतो, कारखाना शेजारीच आहे. अमेरिका म्हणाली, हात लावायचा नाही. बरं, मग तुम्ही परत घेऊन जा. तेही नाही. माहेरी नेत नाहीत आणि सासरी नांदू देत नाहीत, अशी ती गत. कांड्या साचत गेल्या. भट्टीतला हौद पुरेना म्हणून बाहेर वेगळा हौद बांधावा लागला, काही सुक्या पिंपात गेल्या. १९९३ मध्ये करार संपला. कांड्या संपल्या नाहीत.

आमच्या चाळीसगावच्या माणसाला असं वाट पाहणं नवं नाही. स्टेशनजवळच्या दगडी घरात केकी मूस नावाचा अवलिया फोटोग्राफर राहिला, १९८९ च्या शेवटच्या दिवशी गेला. जवळजवळ अर्धशतक तो घराबाहेर फारसा फिरकला नाही. एक मुलगी पंजाब मेलने येईन म्हणाली होती, म्हणून रोज गाडीच्या वेळेला तो दारं-खिडक्या उघडून बसायचा, असं गावात सांगतात. ती आली नाही. पण मूसांनी वाट बघता बघता कला तरी केली. तारापूरच्या कांड्यांनी काय केलं, तर जागा अडवली.

आणि जिची वाट बघायची त्या अमेरिकेच्या घरात काय चाललं होतं? तिथे १९८२ मध्ये कायदा झाला की वीज कंपन्यांच्या जळक्या कांड्या सरकार उचलेल, आणि ३१ जानेवारी १९९८ पासून उचलायला लागेल. थोडक्यात, सरकारी घंटागाडी. १९८७ मध्ये नेवाडातला युक्का डोंगर मुक्रर झाला. नेवाडावाल्यांनी बोंब ठोकली, २०१० च्या सुमारास काम गुंडाळलं. घंटागाडी आजतागायत आलेली नाही. नव्वद हजार टनांच्या आसपास माल जिथल्या तिथे पडून आहे, आणि उचलला नाही म्हणून सरकार कंपन्यांना अब्जावधी डॉलर भरपाई मोजतंय. २०१४ मध्ये तिथल्या नियामकांनी यावर तोड काढली. भट्टीचा परवाना संपल्यावर माल आणखी साठ वर्षं राहिला तर काय, पुढे शंभर वर्षं राहिला तर काय, आणि कधीच हलला नाही तर काय, असे तीन हिशेब मांडले आणि ठेवायला हरकत नाही असं ठरवलं. 'तात्पुरतं' या शब्दाला इतकी ऐसपैस बैठक आमच्या नगरपालिकेलासुद्धा कधी जमली नसती.

असो. दुसऱ्याचं घर बघून हसण्यात फार अर्थ नाही. आपल्याकडे या साठवणीवर लक्ष ठेवायला अणुऊर्जा नियामक मंडळ आहे, नोव्हेंबर १९८३ पासून. ते संसदेच्या कायद्याने नव्हे, सरकारी आदेशाने जन्मलं. तेव्हा ते उत्तर द्यायचं अणुऊर्जा आयोगाला. आयोगाचा अध्यक्ष कोण, तर अणुऊर्जा खात्याचा सचिव. भट्ट्या चालवणारं महामंडळ कुठलं, तर त्याच खात्याचं. सुनेच्या तक्रारपेटीची किल्ली सासूच्या कमरेला. १९९५ मध्ये मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष ए. गोपालकृष्णन यांच्या काळात सुरक्षेच्या शंभराहून जास्त त्रुटींची यादी तयार झाली. यादी गोपनीय ठरली. त्रुटी दुरुस्त करण्यापेक्षा यादी कपाटात ठेवणं स्वस्त पडतं.

२०१२ मध्ये महालेखापरीक्षकांनी या मंडळाची झाडाझडती घेतली. त्यात दंडाची कमाल रक्कम निघाली पाचशे रुपये. अणुसुरक्षेचा नियम मोडला तर रुपये पाचशे! खान्देशात हळदीच्या रात्री डीजेपुढे नाचणाऱ्या मामावर तेवढे ओवाळून टाकतात. त्याआधी, २०११ मध्ये, स्वतंत्र प्राधिकरणाचं विधेयक लोकसभेत आलं होतं. ते २०१४ ला लोकसभेबरोबर विझलं. मग थेट डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने नवा कायदा केला. त्याचं इंग्रजी नाव असं ओढूनताणून बसवलंय की आद्याक्षरं जुळवली की 'शांती' होते. मंडळाला एकदाचं कायद्याचं बूड मिळालं, हे चांगलंच झालं. पण त्याच कायद्याने भट्ट्या चालवायला खासगी कंपन्यांना दार उघडलं आणि जळक्या कांड्यांची शेवटची विल्हेवाट मात्र सरकारकडेच ठेवली. प्लुटोनियम असल्या गिऱ्हाइकाच्या हाती जाऊ नये, हे पटतं. तरी पंगत एकाची आणि उष्टी पातेली घासायला घरमालक, एवढं चित्र डोळ्यांसमोरून हलत नाही.

आपले शास्त्रज्ञ याला कचरा म्हणूच देत नाहीत. जळक्या कांडीत बहुतेक सगळं युरेनियमच उरलेलं असतं, शिवाय थोडं प्लुटोनियम. ते काढून परत वापरायचं, राहील तो जहाल गाळ काचेत ओतून ठेवायचा. भंगारवाल्याचा हा हिशेब मला मनापासून पटतो. फक्त ती काचसुद्धा शेवटी कुठेतरी पुरायची आहे. फिनलंडवाल्यांनी ऑल्किलुओटो बेटावर चारशे मीटरहून खोल खडकात बोगदे खणलेत. आपण? कुडनकुलमच्या अणुप्रकल्पाच्या खटल्यात २०१२ मध्ये सरकारच्या बाजूने कोलारच्या बंद सोन्याच्या खाणीचं नाव निघालं. कर्नाटकात असा भडका उडाला की लगोलग, छे, आम्ही तसं म्हटलंच नव्हतं. वीज सगळ्या राज्यांना हवी असते. भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक केंद्राची राख निदान दोरीवरच्या धोतरावर दिसते तरी. हे काही दिसतही नाही.

किती दिवस सांभाळायचं म्हणाल, तर प्लुटोनियम निम्मं व्हायलाच चोवीस हजार वर्षं लागतात. हा आकडा डोक्यात मावत नाही म्हणून मी पाटणादेवीची आठवण काढतो. गावापासून अठरा-वीस किलोमीटरवर. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादवांच्या दरबारचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवायला त्याने तिथे मठ काढला. त्याच्या खर्चाची तजवीज काय, कुणी काय द्यायचं, हे सगळं शके ११२८ चा दाखला देऊन दगडात कोरून ठेवलं. शेवटच्या ओळी तर चक्क मराठीत, म्हणजे तेल्या-वाण्याला कळाव्यात. नियमन म्हणतात ते हेच की! पुढे मठ मोडला, राज्य मोडलं, आणि तो दगड वाचायला एकोणिसाव्या शतकात मुंबईहून भाऊ दाजी लाडांना शोध घ्यावा लागला. मधे गेली साडेसहाशे वर्षं. चोवीस हजारांत असे छत्तीस भाऊ दाजी लागतील, आणि प्रत्येकाला आधीच्याची लिपी यायला हवी.

परवा सेलची बरणी बायकोने खिडकीतून उचलली, घासली, पुसली आणि वर चिठ्ठी डकवली. मी वाचलं: 'हात लावू नये.' खाली सही नाही, तारीख नाही. बरणी कुठे ठेवलीस, विचारलं. म्हणाली, माळ्यावर.

"किती दिवस?"

"तुम्हीच म्हणालात ना, तात्पुरती."