दुसऱ्या रिमोटवरचा माणूस

'सोनिक' या व्हिडिओ गेम मालिकेचा दुसरा भाग १९९२ साली आला, तेव्हा सेगा कंपनीने निळ्या काटेरी नायकामागे दोन शेपट्यांचा एक कोल्हा सोडला. नाव टेल्स. त्याच्या नोकरीच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. दुसरा रिमोट धाकट्या भावाकडे दिला की टेल्स त्याच्या ताब्यात जातो. नाही दिला तरी मागे पळतच असतो. त्याने वेचलेल्या कड्या नायकाच्या खात्यावर जमा होतात. खड्ड्यात पडला तर कोणी थांबत नाही, थोड्या वेळाने शेपट्या गरगर फिरवत तो आपला आपणच उडत परत येतो.

ही जात लातूर जिल्ह्यातल्या औशातही आढळते. तहसील कार्यालय ते झेरॉक्सचं दुकान हा तिचा टापू. ओळखायची खूण म्हणजे खिशाला दोन पेनं आणि हातात कागदांनी फुगलेली पिशवी, जिच्यात स्वतःचा एकही कागद नसतो. हा दलाल नव्हे. दलाल पैसे घेतो, म्हणून काम झालं की निघून तरी जातो. "कुठं चाललाव मामा?" एवढ्या प्रश्नावर हा माणूस परक्याच्या फेरफारात शिरतो आणि सातबारा हाती पडेपर्यंत बाहेर येत नाही. सेतू केंद्रातली कोणती खिडकी जेवणानंतर उघडते, तलाठी कोणत्या वारी कोणत्या गावी सापडतात, आठ-अ आधी काढायचा की नंतर, हे त्याला तोंडपाठ असतं. मामांना फक्त अंगठा आणायचा असतो.

त्याचा हंगाम जुलैत. सोयाबीन उगवून आलेलं, पीकविम्याची मुदत संपत आलेली आणि साईट बंद. २०२३ आणि २०२४ मध्ये विमा एक रुपयात होता. २०२४ च्या जुलैत लाडक्या बहिणींचे अर्जही येऊन पडले. अशा वेळी साईट रात्री दीडला उघडते, हा शोध त्याचाच, आणि तो ताबडतोब कळवण्याची घाईही त्याचीच. २०२१ पासून ई-पीक पाहणी आली आणि पिकाचा फोटो शेतात उभं राहूनच काढणं भाग पडलं. तेव्हापासून तो परक्याच्या रानात, पोटरीभर चिखलात, रेंजसाठी फोन उंच धरून उभा दिसतो. बांधावरून मामा त्याला जरा बाजूला व्हायला सांगतात, सोयाबीन तुडवलं जातंय म्हणून.

उणिवा दोघांतही आहेत. टेल्स नायकाच्या हालचाली क्षणभर उशिरा गिरवतो. त्यामुळे खास टप्प्यांत नायकाने चुकवलेला बॉम्ब मागून त्याला बरोबर लागतो आणि कड्या जातात. औशातला मदतनीसही मागच्या वर्षीच्या नियमाने यंदाचा अर्ज भरतो. अर्ज परत आला की बोल त्यालाच. तो मात्र "साईटच स्लो हाय" म्हणत नवा अर्ज मांडून बसतो.

मामांचा फोन पुण्याला पोराकडे असतो, म्हणून अर्जावर नंबर याचाच पडतो. ओटीपी याच्याकडे, मंजुरीचे संदेशही याच्याकडे. परक्यांची कामं झाल्याच्या बातम्या दिवसभर खिशात वाजत राहतात आणि तो निरोप द्यायला निघतो. चहा होतो. पैसे बहुधा तोच देतो, कारण मामांकडे सुट्टे नसतात.