मामा कुठे गेले?

पत्रिकेच्या धंद्यात गिऱ्हाईक तोंडानं कमी आणि बोटानं जास्त बोलतं. "हे इथलं तिकडं घ्या, हे जरा ठळक करा, अन् हे मधेच कोण घुसलं?" एवढ्यावर अख्खी लग्नपत्रिका उभी राहते. माळीवाड्याच्या एसटी स्टँडजवळ डीटीपीचं दुकान टाकून बसलेल्या माणसाला हे माहीत नसेल तर कुणाला? तरी मी टचस्क्रीनचा डेस्कटॉप घेतला.

दोष हवेचा. २०१२ च्या ऑक्टोबरात विंडोज ८ आलं. त्यांनी स्टार्टचं बटण काढून टाकलं, पडद्यावर रंगीत ठोकळे मांडले, आणि आता सगळं जग बोटावर नाचणार असं वातावरण झालं. जिल्हा तेव्हा अजून अहमदनगर होता आणि माझ्या गाठीला चार पैसे होते. पुढं दोन्ही बदललं.

पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत खांदा भरून आला. मोबाईल मांडीवर असतो. हा पडदा समोर उभा, आणि हात अधांतरी. या दुखण्याला संगणकवाल्यांनी 'गोरिला आर्म' असं नाव फार पूर्वीच देऊन ठेवलंय. उभ्या पडद्यावर हात चालवून चालवून शेवटी तो गळून पडेल, असं स्टीव्ह जॉब्ज २०१० मध्येच भर सभेत सांगून बसला होता. आमच्याकडे बातमी बामाच्या बाटलीतून पोचली. त्याच्याही आधी, १९८३ मध्ये, एचपीनं असाच टेबलावरचा संगणक काढला होता. त्याच्या पडद्याच्या चौकटीला बारीक भोकं, त्यातून अवरक्त किरण. भोकांत धूळ बसायची आणि ती साफ करत बसावं लागायचं. नगर-मनमाड रोडच्या कडेला ते यंत्र ठेवलं असतं तर मालकाचा जन्म भोकं पुसण्यात गेला असता.

खांद्याचं मी सोसलं. घात केला पाथर्डीकडच्या एका कुटुंबानं. मुलीचं लग्न, बरोबर दोन चुलते आणि हातात भेळेची पुडी. थोरल्या तात्यांनी निमंत्रकांच्या यादीतल्या मामांवर बोट टेकवलं, "यांना जरा खाली..." म्हणत ते खाली ओढलं आणि मामा दिसेनासे झाले.

"मामा कुठे गेले?"

शोधलं, तर मामा पार तळाशी, 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' या ओळीत, चिऊ आणि पिल्लूच्या मधोमध. मी त्यांना उचलून जागेवर आणतोय तोच धाकट्या आबांनी आपल्या नावावर बोट ठेवलं. तात्यांचं बोट तात्यांच्या नावावर होतंच. दोघांनी आपापल्या दिशेला खेचलं. दोन बोटं लांब गेली की मजकूर मोठा करायचा, एवढंच त्या यंत्राला शिकवलेलं. पडद्यावर एकच 'श्री.' उरला, भोपळ्याएवढा.

"आता कसं दिसतंय!" आबा म्हणाले.

त्या काचेला बोटाची वीज कळते. बोट दाखवतंय की हुकूम सोडतंय, हे कळत नाही. लाकडाला मात्र ती जुमानत नाही. म्हणून मी टेबलावर फूटपट्टी ठेवली आणि 'दाखवण्यासाठी' अशी चिठ्ठी चिकटवली. लोकांनी तिनं पाठ खाजवली, पोरांना दटावलं, आणि दाखवलं बोटानंच. भेळेच्या चिंचेसकट.

शेवटी डिव्हाइस मॅनेजरमध्ये शिरून टच बंद केला आणि जुना माऊस फडक्यानं पुसून पुन्हा जोडला. पण तोवर 'नगरला बोटावर चालणारा कम्प्युटर आलाय' हे पार शेवगावपर्यंत गेलं होतं. आता गिऱ्हाईक येतं, खुर्ची पुढं ओढतं, मामांवर बोट ठेवतं. मामा जागचे हलत नाहीत. मग ते दोनदा टकटक करतं, नखानं खरवडून बघतं आणि खिशातला मोबाईल काढून मला दाखवतं, "भाऊ, तुमचा हँग झालाय. हा बघा कसा पळतो!"